जीभ चालती आहे तोवर

आत्या, तुला जाऊन अजून महिनासुद्धा झाला नाही. भेटेल तो म्हणतो, सुटलास बाबा, आता तरी तुझ्या जिवाला स्वस्थता लाभेल. तहसिलीचे हेलपाटे संपले, गेवराईहून तलवाड्याला धावणं संपलं. खरं आहे. पण अजूनही शाळेत मुलांना पाढे म्हणायला लावलेले असताना बाहेर कुणाची गाडी थांबली की मी खडू टाकून दाराशी जातो. वाटतं, सखूचा निरोप आला. आत्याचा घास अडकला. मग आठवतं, की आता निरोप येणार नाही. तरी पुढच्या गाडीला मी पुन्हा दाराशी जातो.

ही भीती तू मला दिलीस. रागानं नाही म्हणत मी. तू माणूस निवडलास आणि त्याच्यावर ओझं ठेवलंस, ते का ठेवलंस हेही सांगितलंस. फक्त ते पेलायचं कसं, एवढंच सांगायचं राहिलं.

त्या सकाळी तू ओसरीवर ज्वारी पाखडत होतीस. सखूला हाक मारायला तोंड उघडलंस आणि हाक निघालीच नाही. उजव्या हातातलं सूप खाली पडलं, तोंड एका बाजूला ओढलं गेलं. सखूनं माणूस धाडला, मी मिळेल त्या गाडीत बसून निघालो. वाटभर मी तुझ्या अंत्यविधीचाच विचार करत होतो, तुला म्हणून सांगतो. येऊन बघतो तर तू भिंतीला टेकून बसलेली, पदर सावरून, आणि बोलतेयस.

"आलास का माधवा? मी आज मुकी झालते."

आणि हसलीस. हसताना तोंडाची उजवी कड किंचित मागं राहिली. मी पुढं येऊन बसलो तसं तू हसणं आवरलंस.

"एकदा गेली अन् माघारी आली. दुसऱ्यांदा यील का न्हाई, कुनाला ठाव? जीभ चालती हाय तवर मला समदं बोलून घ्यायचं हाय. तू वकिलाला इचार."

मी तुला गप्प केलं. म्हटलं, असलं अभद्र बोलू नको, वैद्यबुवांचा काढा घे, बरं वाटेल. तू काढा घेतलास. पण गप्प बसली नाहीस.

तुला कशाची धास्ती होती ते मला हळूहळू उमगलं. मरणाची नव्हती. तुझी धास्ती होती ती जिवंत राहून दुसऱ्याच्या हाती पडण्याची. आतोबा गेले तेव्हा घरची वडिलोपार्जित जमीन दिराकडं, एकत्रात राहिली, त्याबद्दल तू कधी तक्रार केली नाहीस. पण ओढ्याकाठचं रान तुझं होतं. माहेरच्या दागिन्यांवर घेतलेलं, तुझ्या नावचं. आणि घरात तुझ्याजवळ होती ती सखू. तुझ्या सवतीची लेक. सवत गेली तेव्हा ती लहान होती, तू तिला वाढवलंस. नवऱ्यानं टाकली तेव्हा ती तुझ्याच दारात आली. गावाला याचं नवल वाटायचं. सवतीची पोर आणि ही म्हातारी एका ताटात जेवतात म्हणून.

दिराचा मुलगा गणपतराव एकदा उघडच म्हणाला होता, "काकू, थकल्यावर तुमी आमच्या वाड्यात ऱ्हायला या. रानाचं बी आमीच बघू." तू त्याला हो म्हणाली नाहीस, नाहीही म्हणाली नाहीस. तो गेल्यावर मला म्हणालीस, "त्याच्या घरी मी एक खाट हाय. सखूजवळ मी मानूस हाय. पन मी पडल्यावर मला उचलून न्यायला आले, तर सखूचं कोन ऐकनार?"

म्हणून आपण गेवराईला वकीलसाहेबांकडं गेलो. तू गाडीतून उतरताना माझ्या खांद्याला धरलं होतंस. मी आधीच ठरवून आलो होतो, की तू माझ्या नावचा मुख्त्यारनामा कर, म्हणजे तुझ्या वतीनं मला बोलता येईल, सही करता येईल. वकीलसाहेबांनी मान हलवली. म्हणाले, "मुख्त्यारनामा माणूस शुद्धीवर आहे तोपर्यंत. शुद्ध गेली, की त्या कागदाचा जोरही गेला."

तू पुढं सरकून विचारलंस,

"म्हंजी जवा लागंल, तवाच न्हाई कामाला?"

वकीलसाहेब हसले. मग त्यांनी दुसरी वाट सांगितली. मृत्युपत्र केलंस तर ते तुझ्यामागं लागू होणार. तुझ्या दुखण्यात त्याचा उपयोग नाही. बक्षीसपत्र केलंस तर रान आजच सखूचं होईल, त्यात अट घालता येईल, की तुला तुझ्या घरात हयातभर सांभाळायचं. "पण बाई," ते म्हणाले, "एकदा दिलं की दिलं. उद्या तिनं पाठ फिरवली, तर कोर्टाच्या पायऱ्या चढायला तुमच्यात बळ राहील का?"

मीही तेच म्हणत होतो. परतीच्या वाटेवर मी तुझ्याशी भांडलो. तू गाडीत दांडीला धरून बसली होतीस आणि मी मागून बोलत होतो, की सखू चांगली आहे, मान्य, पण माणसं बदलतात. तू म्हणालीस, "बदलली तर मला समजंल. पन म्या भ्यायलेलीच ऱ्हायले, तर तिला काय समजंल?" मला ते तेव्हा पटलं नाही. आजही पुरतं पटलं आहे असं नाही. तुझं नशीब, सखू खरी निघाली. दुसरी कुणी असती तर?

खरी अडचण मी नव्हतोच. अडचण सखू होती. तिला कळलं तेव्हा ती चुलीपुढून उठून आली, हाताला पीठ तसंच.

"मला रान नगं. कागद नगं. मी करतीय ते तसंच करू द्या."

"कावून नगं?" तू विचारलंस.

"कागद झाला की लोक म्हनतील, रानासाठी केलं. मग माझ्या केल्याचं काय ऱ्हायलं?"

मला वाटलं, तू विरघळशील. तू नाही विरघळलीस. "लोकांना म्हनू दे. मी गेल्यावर तुला या दारातून हाकलतील, तवा तुझ्या ताटात भाकर वाढाया लोक येनार हायेत व्हय?" सखू रडली. दोन-तीन दिवस तुमच्यात बोलणं नव्हतं, आणि तरी ती तुझ्या पायाला तेल लावत होती, असं तूच मला सांगितलंस. शेवटी तिनं हो म्हटलं की नुसतं नाही म्हणणं थांबवलं, हे मला कधीच नीट कळलं नाही.

इथली सरकारी भाषा उर्दू, म्हणून बक्षीसपत्राचा कागद उर्दूत लिहिला गेला. मी तो तुला मराठीत वाचून दाखवला, तू दोन ठिकाणी मला पुन्हा वाचायला लावलंस, आणि अंगठा उठवलास. आता उरली होती ती रजिस्ट्रीच्या साहेबांसमोर तुझ्या तोंडची कबुली. साहेब दौऱ्यावर गेले होते. थांबायचं होतं.

ते थांबणं तू वाया घालवलं नाहीस. रोज सकाळी सखूला समोर बसवून, जीभ पुन्हा गेली तर लागतील त्या खुणा घोकून घ्यायचीस. डाव्या हाताची मूठ म्हणजे हो. उघडा पंजा बाजूला सारला म्हणजे नाही. मी आलो की माझीही परीक्षा व्हायची. मी विचारायचो, आत्या, पाणी पाहिजे? पंजा. उन्हात बसायचं? मूठ. मला हे बघवायचं नाही. धडधाकट बोलणारी बाई मुकी होऊन बसली आहे आणि दोघं तिला प्रश्न विचारतायत. एकदा मी चिडून म्हणालो, "पुरे कर हे." तू मूठही दाखवली नाहीस, पंजाही नाही. जिभेनं म्हणालीस, "तुला भ्या वाटतंय. मला बी वाटतंय. म्हनून तर करतीय."

आणि त्याच ओसरीवर तू आतोबांचं सांगितलंस. मी तेव्हा लहान होतो, मला कुणी काही सांगितलं नव्हतं. आतोबांना शेवटी घोट गिळता येत नव्हता. चौघांनी धरलं, नाक दाबलं, तोंड उघडलं की काढा ओतला. प्रेमानंच केलं सगळ्यांनी. "ते औषधानं न्हाई, बुडून गेले," तू म्हणालीस. "कोरड्या घरात बुडून गेले. माझ्या नाकाला कुनी हात लावायचा न्हाई. घास जाईना झाला, तर व्हट भिजवा, बास."

मी विचारलं, "आणि डॉक्टर म्हणाला, बीडला न्या, तर?"

"इलाज असंल तर ने. नुसतं लांबवायचं असंल तर नगं. ते तू ठरवायचं, सखूचं कुनी ऐकनार न्हाई."

"ते मी कसं ओळखू, आत्या?"

तू माझ्याकडं बघितलंस. मग सखूनं गूळ मागितला की काहीतरी झालं, तू उठून आत गेलीस, आणि ते बोलणं तिथंच राहिलं. मला वाटलं, पुढच्या खेपेला विचारू.

पुढच्या खेपेला तुझी जीभ गेलेली होती. या वेळी उजवं अंगही गेलं. मी तुझ्याजवळ बसलो, तुझा डावा हात हातात घेतला आणि विचारलं, "आत्या, मला ओळखलंस का?" किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग तुझी बोटं हळूहळू मिटली. मूठ.

मी धावत गेवराईला आलो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडं साहेब घरी येतात, त्याला अर्ज द्यावा लागतो. तो दिला. त्या दिवसांत मी काय जेवलो, शाळेत काय शिकवलं, मला आठवत नाही. एकच घोकणी होती, साहेब पोचेपर्यंत मूठ मिटत राहू दे. गणपतरावांनाही कागदाचं कळलं होतं. साहेबांची गाडी दारात आली तेव्हा ते गावातले चार जण घेऊन आधीच ओसरीवर बसलेले होते.

"साहेब, म्हातारीला भान न्हाई," त्यांनी सुरुवातच केली. "ही पोरगी हात धरून मूठ मिटवती."

साहेबांनी सखूला लांब, भिंतीशी उभं केलं. मलाही. मग ते तुझ्या अंथरुणाजवळ जाजमावर बसले आणि दखनी ढंगाच्या मराठीत सावकाश बोलू लागले. कागदावर अंगठा तुमचाच? मूठ. जबरदस्ती झाली? पंजा. मग त्यांनी विचारलं, "ही सखूबाई तुमच्या पोटची मुलगी?"

मी भ्यालो, तू हो म्हणशील. हो म्हटलं तर तिचं भलं होईल, असं तुला वाटलं असतं तर? तू पंजा बाजूला सारलास.

"तरी रान तिलाच?"

मूठ. इतकी घट्ट, की नखं रुतली असतील.

"गणपतरावांवर राग आहे?"

पंजा.

सगळं सुरळीत चाललं असं वाटत असतानाच तुझा हात सैरभैर झाला. तू साहेबांकडं बघायचीस, मग घराच्या कोपऱ्याकडं बोट करायचीस, पुन्हा साहेबांकडं. घशातून एक खरखरता आवाज यायला लागला. गणपतराव उठून उभे राहिले. "बघा! भ्रम झालाय. कोपऱ्यात कोन हाय? भूत दिसतंय तिला!" साहेबांनी हातातला कागद खाली ठेवला. मला वाटलं, संपलं. इतक्या महिन्यांची तुझी सगळी तयारी या एका बोटापायी वाया गेली.

सखू भिंतीपासून हलली. साहेबांच्या परवानगीची वाटही न बघता ती कोपऱ्यातल्या घागरीशी गेली, तांब्या भरला, वाटीत गूळ घेतला आणि साहेबांपुढं ठेवला.

"पाव्हण्याला पानी न्हाई दिलं म्हनून चिडलीय ती," सखू म्हणाली. "माझं ध्यान ऱ्हायलं न्हाई."

तुझा हात अंथरुणावर शांत पडला. साहेबांनी गुळाचा खडा तोंडात टाकला, पाणी प्यायले, मिशा पुसल्या. "होश में हैं," ते म्हणाले. "आपल्या सगळ्यांहून जास्त." आणि कागदावर शिक्का बसला. गणपतराव निघून गेले. मी परसात जाऊन रडलो, आत्या. आनंदानं म्हणावं तर तसं नव्हतं. वेळ टळली म्हणून रडतात तसं.

त्यानंतर तू जे दिवस जगलीस, ते तुझ्या घरात, तुझ्या ओसरीवरच्या उन्हात. सखू कण्या शिजवून पातळ करायची, मान उचलून चमच्या चमच्यानं भरवायची, गिळल्याचं बघून मगच पुढचा. कधी एका वाटीला अख्खी सकाळ जायची. गणपतराव अधूनमधून येऊन दाराशी उभे राहत. आत येत नसत. बघत आणि जात.

मग थंडी वाढली, तुझ्या छातीत कफ भरला, ताप चढला. गेवराईच्या शफाखान्यातले डॉक्टर मी गाडीत घालून आणले. त्यांनी छाती तपासली, मला बाहेर बोलावलं. "बीडला नेलं तर प्रयत्न करता येईल. कच्चा रस्ता आहे, सिंदफणा नदी उतरायची, वाटेत काय होईल ते सांगत नाही."

"पोचली तर बरी होईल?"

"ताप उतरेलही. जीभ, अंग परत यायचं नाही. घास तर आता असाही अडकणारच."

मी वळलो तर दारात गणपतरावांनी गाडी जुंपलेली. कडबा पसरलेला, वर गोधडी. त्यांचा चेहरा उतरलेला होता. त्यांना खरोखर तुला वाचवायचं होतं, हे मी आज म्हणू शकतो. "उचला म्हातारीला," ते ओरडले. "इलाज असून घरात मरू दिली म्हनतील लोक! आरं माधवा, उभा काय ऱ्हायलास?"

मी आत येऊन तुझ्याजवळ बसलो. तुझा हात घेतला. "आत्या, बीडला जायचं?" तुझे डोळे उघडे होते. बोटं मिटली नाहीत. पंजाही सरला नाही. हात नुसता गरम, माझ्या हातात पडून राहिला. मी पुन्हा विचारलं. पुन्हा काही नाही. सखूकडं बघितलं. ती ओल्या फडक्यानं तुझे ओठ टिपत होती, ती म्हणाली, "दादा, ते तुमालाच ठरवाया सांगितलंय."

मी बाहेर येऊन म्हणालो, "गाडी सोडा."

ते माझे शब्द होते. तुझे नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी, ओसरीवर ऊन आलेलं असताना, तू गेलीस. कुणी तुझं नाक दाबलं नाही. कुणी काही ओतलं नाही. सखूच्या मांडीवर तुझं डोकं होतं. हे मी स्वतःला दिवसातून किती वेळा सांगतो! आणि लगेच दुसरं मन विचारतं, की पोचली असती तर? तो इलाज होता की लांबवणं होतं? आत्या, तू असतीस तर मी भांडलो असतो तुझ्याशी. म्हटलं असतं, सगळं बोलून घेतलंस, नेमकं तेवढंच कसं राहिलं? कदाचित तुलाही ठाऊक नव्हतं. कदाचित म्हणूनच तू तेव्हा उठून आत गेलीस. हे मला आता सुचतंय, आणि त्यानं थोडं बरं वाटतं.

तुझे दिवस झाले. सखू त्याच घरात आहे. तिला कुणी ऊठ म्हणालं नाही, म्हणू शकत नाही. ओढ्याकाठची ज्वारी हुरड्यावर आली आहे. याबद्दल तुझे उपकार मानावेत तेवढे थोडे. माझ्या बायकोला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आत्याबाईंनी एका बाईचं उरलेलं आयुष्य वाचवलं." मला हे असं सुचलं नव्हतं.

आता आणखी एक सांगायचं आहे, ते तुला कळायलाच हवं. परवा गणपतराव माझ्याकडं गेवराईला आले होते. बराच वेळ बसले. सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "उजव्या हाताला मुंग्या येतेत माझ्या. परवा कासरा हातातून सुटला, कळलंच न्हाई." मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं ठेवला. "पोरं दोघं एकमेकांचं तोंड बघत न्हाईत. मी पडलो तर मला हिकडून तिकडं वाहतील. मला बी म्हातारीवानी करून ठेवायचं हाय."

"तुमच्या वतीनं ठरवायला कुणाला सांगणार? थोरल्याला?"

त्यांनी मान खाली घातली. "पोरं लगीच गाडी जुपतील. मी बी तेच केलतं. सखू आदी पडलेल्या मानसाच्या तोंडाकडं बघती. मी बघितलंय दारात उभं ऱ्हाऊन." मग हळूच म्हणाले, "ती हो म्हनंल का रं?"

आज सकाळी त्यांना घेऊन तलवाड्याला गेलो. सखू अंगणात होती. त्यांनी अडखळत विचारलं. मला वाटलं, ती त्या दिवसाचं काढील, हात धरून मूठ मिटवती म्हणाले होते ते. तिनं त्यांना बसायला पाट दिला.

"मी करीन," ती म्हणाली. "पन पोरांना आदी सांगा. माझ्यासमोर, तुमच्या तोंडानं सांगा. चोरून ठरवलेलं मला नगं."

गणपतराव पाटावरून अर्धवट उठले, पुन्हा बसले. कोर्टकचेरीला न भिणारा माणूस आपल्या पोरांपुढं बोलायला भीत होता. तरी त्यांनी गडी पाठवून दोघांना बोलावलं. ते आले, एक या टोकाला बसला, दुसरा त्या टोकाला. सखू मधे, दाराशी. मी उठलो. ते बोलणं माझं नव्हतं. बाहेर येऊन रस्त्यावर उभा राहिलो. मग गणपतरावांचा आवाज ऐकू आला, अडखळत, थांबत, पुन्हा सुरू होत. पण तो येत होता, आत्या.